तीन मतांचं गाणं

६ एप्रिल १९७४ च्या रात्री इंग्लंडमधल्या ब्रायटन शहरात युरोव्हिजन गाण्यांच्या स्पर्धेची अंतिम फेरी झाली. ॲबा या स्वीडिश चौकडीनं 'वॉटर्लू' गाऊन ती जिंकली आणि पुढचं आपल्याला माहीत आहे. त्याच रात्री पोर्तुगालचा पाउलो द कार्व्हाल्यु तळाला गेला. एकटा नाही, जर्मनी, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड हे तिघंही सोबतीला होते. प्रत्येकी तीन गुण. त्या वर्षीची पद्धत अशी होती की प्रत्येक देशात दहा परीक्षक, प्रत्येकाला एकच मत, आणि ते स्वतःच्या देशाला द्यायचं नाही. स्पर्धेत सतरा देश होते. म्हणजे पोर्तुगालला मत देऊ शकणारी माणसं १६०, आणि त्यातल्या तिघांना हे गाणं सगळ्यात जास्त आवडलं.

अठरा दिवसांनी, २४ एप्रिलच्या रात्री १० वाजून ५५ मिनिटांनी, हेच गाणं लिस्बनमधल्या एका रेडिओ केंद्रावरून वाजलं. ते ऐकून सैन्यातल्या बंडखोर अधिकाऱ्यांनी तयारी सुरू केली. मध्यरात्रीनंतर २० मिनिटांनी दुसऱ्या केंद्रावरून जुझे अफोन्सुचं 'ग्रांदोला' वाजलं. त्याचा अर्थ, निघा. २५ एप्रिलची संध्याकाळ संपेपर्यंत ४८ वर्षांची हुकूमशाही संपलेली होती आणि रणगाड्यांवरच्या सैनिकांच्या बंदुकांत लोकांनी कार्नेशनची फुलं खोचलेली होती.

ही गोष्ट इंटरनेटवर 'तुम्हाला माहीत आहे का?' अशा थाटात सतत फिरत असते: स्पर्धेत शेवटच्या आलेल्या गाण्यानं क्रांती केली! ऐकायला छान वाटतं. पण ती अशी सांगितली की गाणं हरवतं, असं माझं म्हणणं आहे. आणि पोर्तुगालची युरोव्हिजनमधली साठ वर्षं नीट ऐकली तर त्यात कुठल्याही छोट्या-मोठ्या भाषेत गाणाऱ्यांनी विचार करावा असं बरंच काही सापडतं. मी मराठीत विचार करते आणि पोटापाण्यासाठी गाण्यांची क्रमवारी लावते, त्यामुळे मला जरा जास्तच.

क्रमवारीचं आधी सांगून टाकते. मी पुण्यात एका गाणी ऐकवणाऱ्या ॲपसाठी काम करते. कोणत्या ऐकणाऱ्याला पुढचं कोणतं गाणं सुचवायचं हे ठरवणाऱ्या कोडचा एक बारका तुकडा माझा आहे. आमच्या टीमचा अर्धा भाग लिस्बनमध्ये बसतो. तिथल्या एका सहकाऱ्याशी दुपारच्या कॉलवर गप्पा मारता मारता मी थोडीफार पोर्तुगीज शिकले. पुढे रीतसर क्लासही लावला. पण या स्पर्धेशी माझी ओळख त्याआधीची आहे. २०१७ साली मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. परीक्षेच्या तोंडावर होस्टेलमध्ये रूममेटनं एक व्हिडिओ दाखवला: ढगळ काळा कोट, विस्कटलेले केस, हात स्वतःशीच काहीतरी चाळा करताहेत असा एक मुलगा अंधारात उभा राहून गातोय. साल्वादोर सोब्राल, 'आमार पेलुश दोइश', म्हणजे साधारण 'दोघांच्याही वाटचं प्रेम'. एक अक्षर कळलं नाही. आम्ही दोघींनी ते लागोपाठ चारदा ऐकलं.

त्या वर्षी कीव्हमध्ये सोब्राल ७५८ गुण मिळवून जिंकला. परीक्षकांच्या यादीतही पहिला, प्रेक्षकांच्या फोनमतांतही पहिला. पोर्तुगालची ती ४९ वी खेप होती आणि पहिलाच विजय. त्याआधीचा त्यांचा उच्चांक होता सहावा नंबर, १९९६ साली, लूसिया मोनिझचा. (ही तीच, 'लव्ह ॲक्च्युअली' या सिनेमात लेखकाच्या घरी कामाला येणारी आणि त्याची भाषा न कळता त्याच्या प्रेमात पडणारी. या लेखाच्या विषयाला याहून सोयीची भूमिका कुणी तिला दिली नसती.)

आता मागे जाऊ. पोर्तुगाल पहिल्यांदा स्पर्धेत उतरला तो मार्च १९६४ मध्ये, कोपनहेगनला. आंतोनियु काल्व्हारियुनं 'ओरासांव' म्हणजे 'प्रार्थना' गायली आणि शून्य गुण घेऊन परतला. त्या कार्यक्रमात एक माणूस थेट रंगमंचावर चढला होता. हातात फलक, फ्रँको आणि सालाझार यांच्यावर बहिष्कार टाका असा. ज्या सालाझारविरुद्ध तो फलक होता, त्याच्या राजवटीतून गोवा सुटून जेमतेम सव्वादोन वर्षं झाली होती. लिस्बनला मात्र ते मान्य नव्हतं. कागदोपत्री गोवा अजून त्यांचाच होता. युरोपच्या टीव्हीवर पहिल्यांदा गायला आलेला हा देश एकीकडे आफ्रिकेत युद्ध करत होता, दुसरीकडे हातातून गेलेला प्रांत नकाशात रंगवत होता, आणि घरात प्रत्येक ओळ सेन्सॉरच्या टेबलावरून जात होती. अशा देशाच्या 'प्रार्थने'ला शून्य मिळालं. ते गाण्याचे गुण होते की सरकारचे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. माझं मत विचाराल तर गाणंही बेताचंच आहे.

पण त्यानंतरच्या दहा वर्षांत काहीतरी विलक्षण घडलं. युरोव्हिजनला जाणारं गाणं निवडण्यासाठी पोर्तुगालचं सरकारी टीव्ही केंद्र दर वर्षी एक महोत्सव भरवतं. सगळा देश तो बघायचा. राज्याच्या नाकासमोर सगळ्यांपुढे काहीतरी म्हणण्याची ती दुर्मीळ जागा होती, आणि कवींनी ती हेरली. त्यात सगळ्यात पुढे होता आरी दुश सांतुश. १९६९ साली त्यानं सिमोन द ओलिव्हैरासाठी 'देश्फोल्यादा' लिहिलं, मक्याची कणसं सोलण्याच्या गावाकडच्या सोहळ्यावर. वरवर शेतीचं गाणं. पण आत एके ठिकाणी ती बाई सरळ सांगते की मूल होतं ते सुखातून होतं. कॅथलिक, सोज्वळ, राष्ट्र-धर्म-कुटुंब घोकणाऱ्या पोर्तुगालमध्ये एक बाई टीव्हीवर हे छाती पुढे काढून गाते, यावरून गदारोळ झाला. माद्रिदला त्याला चार गुण मिळाले, सोळांत पंधरावा नंबर. तेव्हाही दहा परीक्षक, एकेक मत. म्हणजे चार माणसं.

त्याच कवीनं १९७३ मध्ये फर्नांदु तोर्दुसाठी 'तोरादा' लिहिलं. बैलझुंजीचं वर्णन: रिंगणात कोण कोण आहे, कुणी किती भपका केलाय, कोण पैसे मोजतंय. घरी बसून ऐकणाऱ्याला ते रिंगण म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नव्हती. सेन्सॉरच्या हातून ते कसं सुटलं हे आजही कोडं वाटतं. मला वाटतं, ते सुटलं कारण ते खूप मजेदार आहे. चाल सर्कशीसारखी उड्या मारते. एखादा कारकून टेबलावर बोटांनी ठेका धरत शिक्का मारून मोकळा झाला असेल. हा माझा अंदाज, पुरावा नाही. लक्झेंबर्गला परदेशी परीक्षकांनी त्यात बैलझुंज ऐकली आणि त्याला मधल्या जागी बसवलं.

यातलं काय बाहेर पोचलं? जवळजवळ काहीच नाही, आणि ते स्वाभाविक आहे. व्यंग्य समजायला ज्याच्यावर व्यंग्य आहे तो माहीत असावा लागतो. आपल्याकडच्या एखाद्या वगातली बतावणी घेऊन ती ओस्लोच्या दहा परीक्षकांपुढे ठेवली तर काय गुण पडतील? ढोलकीला दोन-चार पडतील कदाचित.

इथे भाषेच्या नियमाबद्दल सांगायला हवं. १९६६ पासून नियम होता की देशानं आपल्याच भाषेत गायचं. १९७३ ते १९७६ तो उठवला होता, म्हणून तर ॲबा 'वॉटर्लू' इंग्रजीत गाऊ शकले. मग तो पुन्हा आला आणि १९९९ पासून कायमचा गेला. म्हणजे ब्रायटनला कार्व्हाल्युलाही इंग्रजीत गायची मुभा होती. तो पोर्तुगीजमध्येच गायला. पूर्ण इंग्रजी गाणं पोर्तुगालनं पाठवलं ते थेट २०२१ साली. याला काही जण बाणेदारपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. अधूनमधून त्यांनीही इंग्रजीचे चार शब्द पेरून बघितलेच. १९८० मध्ये तर निरोपाचे शब्द चार-पाच भाषांत घालून एक धुपद बांधलं होतं आणि सातवा नंबर मिळवला होता. बहुतेक वर्षी मात्र त्यांचं लक्ष घरच्या महोत्सवाकडे असायचं आणि युरोप ही त्यानंतरची औपचारिकता असायची. लग्न इथे, रिसेप्शन तिथे.

तर आता १९७४ चं ते गाणं. 'ई देपोइश दु आदेऊश', 'आणि निरोपानंतर'. शब्द जुझे निझाचे, संगीत जुझे काल्व्हारियुचं. हळू सुरू होतं, ऑर्केस्ट्राबरोबर चढत जातं, आणि शेवटाकडे कार्व्हाल्यु आवाज पूर्ण मोकळा सोडतो. विषय: प्रेम संपल्यावर स्वतःचाच पत्ता हरवलेला पुरुष. राजकारणाचा लवलेश नाही. आणि नेमकं म्हणूनच ते निवडलं गेलं. खुणेचं गाणं असं हवं होतं की ते रेडिओवर लागलं तर कुणाची भुवई उंचावू नये. नुकतंच युरोव्हिजनला जाऊन आलेलं, रोज कुठे ना कुठे वाजणारं प्रेमगीत यासाठी आदर्श होतं. अफोन्सुच्या कित्येक गाण्यांवर बंदी होती; सुरुवातच त्याच्यापासून केली असती तर कान टवकारले गेले असते. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर पहिलं गाणं हा नुसता सिग्नल होता. त्यात मजकूर नव्हता. मजकूर आधीच वाटून झाला होता.

म्हणून 'शेवटच्या गाण्यानं क्रांती केली' हे वाक्य मला खटकतं. त्या रात्री त्या जागी दुसरं एखादं निरुपद्रवी प्रेमगीत चाललं असतं.

याच रात्रीची दुसरी बाजू इटलीत घडली. ब्रायटनला दुसरी आलेली जिल्योला चिंक्वेत्ती 'सी' गायली, म्हणजे 'हो'. तेव्हा इटलीत घटस्फोटाच्या कायद्यावर सार्वमत तोंडावर होतं आणि गाण्यात 'हो' 'हो' इतक्यांदा येतं की मतदारांवर परिणाम होईल, या भीतीनं इटलीच्या सरकारी टीव्हीनं स्पर्धा तेव्हा दाखवलीच नाही. एका सरकारनं प्रेमगीतात राजकारण ऐकलं आणि ते कपाटात ठेवलं. दुसऱ्यानं काही ऐकलं नाही आणि रेडिओवर वाजू दिलं. सेन्सॉरचं काम किती बिनभरवशाचं असतं याचं याहून चोख उदाहरण माझ्या माहितीत नाही.

रेडिओचं निघालंच आहे तर: याच राजवटीविरुद्ध रेडिओ आपल्या सह्याद्रीतही वापरला गेला होता. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ पासून सहा वर्षं, आधी आंबोलीच्या आणि मग कॅसलरॉकच्या जंगलातून, गोवामुक्तीचं गुप्त केंद्र चालवलं, कोंकणीत आणि पोर्तुगीजमध्ये. लिस्बनच्या सहकाऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं ते कधीच ऐकलेलं नव्हतं. मलाही १९७४ बद्दल त्याच्याकडूनच कळलं होतं, त्यामुळे फिटंफाट. गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालनं मान्य केलं ते त्या क्रांतीनंतर, ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने.

पण मग गाण्याचं काय? निव्वळ सिग्नल म्हणून त्याला सोडून द्यायचं का? इथे मला माझ्या दोन ऐकण्यांतला फरक सांगावासा वाटतो, कारण तो उलटा निघाला.

सोब्रालचं गाणं मी भाषा न कळता ऐकलं तेव्हा ते अथांग वाटलं होतं. पोर्तुगीज आल्यावर परत ऐकलं आणि ते थोडं लहान झालं. चाल तितकीच सुंदर आहे. वॉल्ट्झच्या अंगानं झुलणारी, व्हायोलिनांच्या मऊ पडद्यावर ठेवलेली. लुईझा सोब्रालनं, त्याच्या बहिणीनं, ती लिहिली तेव्हा जुन्या काळाची आठवण जाणूनबुजून पेरली असावी. पण शब्दांत असतं ते एवढंच: तू प्रेम केलं नाहीस तरी हरकत नाही, मी दोघांपुरतं करीन. हे जरा जास्तच बिचारं आहे. मराठी भावगीतात असा नायक आपण पन्नास वर्षं ऐकला आहे आणि 'अरे बाबा, ऊठ आता' असं मनातल्या मनात म्हणालो आहोत.

कार्व्हाल्युचं गाणं भाषा न कळता ऐकलं तेव्हा मला कंटाळा आला होता. सत्तरच्या दशकातला आणखी एक मोठ्या आवाजाचा गायक. शब्द कळल्यावर ते वाढत गेलं. त्याचं एक कारण 'आदेऊश' हा शब्द. गोव्याच्या मांड्यांत तो 'आदेवस' होऊन आलेला आहे. बोटीनं दूर जाणाऱ्याला दिलेला, परतीची खात्री नसलेला निरोप. १९७४ च्या पोर्तुगालमध्ये या शब्दाला तेरा वर्षांच्या युद्धाचा वास होता. लिस्बनच्या धक्क्यावरून अंगोला, मोझांबिक आणि गिनीला पोरं भरून बोटी सुटायच्या. 'निरोपानंतर' काय उरतं, हे विचारणारं गाणं तिथल्या कुठल्या घरात नुसतं प्रेमगीत म्हणून ऐकलं गेलं असेल? निझानं हे मनात धरून लिहिलं असं मी म्हणत नाही. ऐकणाऱ्यांच्या घरात ते आधीच होतं, एवढंच म्हणते. ब्रायटनच्या १६० जणांच्या घरात ते नव्हतं.

२०१७ च्या विजयानंतर सोब्राल मंचावरून म्हणाला की आपण फेकून द्यायच्या संगीताच्या काळात जगतो आहोत, आणि संगीत म्हणजे आतषबाजी नव्हे, भावना. टाळ्या पडल्या, आणि 'खरेपणा जिंकला' असे मथळे आले. मला सोब्राल आवडतो. हृदयाच्या गंभीर आजारामुळे त्याला सुरुवातीच्या तालमींना जाता आलं नव्हतं, बहीण त्याच्या जागी उभी राहिली. त्याच वर्षाअखेर त्याच्यावर हृदयप्रत्यारोपण झालं. निर्वासितांना मदत करा असं लिहिलेला स्वेटर घालून तो पत्रकारांसमोर बसला आणि आयोजकांनी तो घालू नको म्हणून सांगितलं. माणूस खरा आहे यात वाद नाही. पण खरेपणा जिंकला असेल तर पुढच्या वर्षी तो कुठे गेला? २०१८ ला स्पर्धा लिस्बनला आली. यजमानांनी पुन्हा पोर्तुगीज, पुन्हा हळुवार, पुन्हा आतषबाजीविना गाणं दिलं: इझाउरानं आपल्या गेलेल्या आजीसाठी लिहिलेलं 'उ जार्दिं', 'बाग'. क्लाउदिया पास्कोआलनं ते गायलं, इझाउरा शेवटी येऊन तिच्या शेजारी उभी राहिली. सव्वीसांत सव्विसावं, ३९ गुण. स्वतःच्या घरात शेवटचे. माझ्या मते ते शब्दांनी 'आमार पेलुश दोइश'हून सरस आहे. पण शब्द कुणाला कळणार होते? कीव्हला इतरांच्या गोंगाटात सोब्रालची शांतता उठून दिसली, आणि शांतता सगळ्या भाषांत कळते. एकदा बघितलेली गोष्ट दुसऱ्यांदा तितकी उठून दिसत नाही, बस.

आणि २०११ ची गंमत तर कुणी सांगतच नाही. देश कर्जात बुडत होता. महिन्याभरात त्याला बाहेरून मदत मागावी लागणार होती. तेव्हा ऑमेंश दा लूता नावाच्या विनोदी टोळक्यानं १९७४ च्या क्रांतिगीतांचीच नक्कल करत, सैनिक-शेतकरी-कामगार अशी सोंगं घेऊन, हातात भोंगा धरून महोत्सवात गाणं म्हटलं. परीक्षकांना ते नको होतं. लोकांनी फोन करकरून त्याला जिंकवलं, आणि आठवड्याभरानं बेकार तरुणांचे प्रचंड मोर्चे निघाले. जर्मनीत उपांत्य फेरीत युरोपला फक्त रंगीत कपड्यांतले विदूषक दिसले. बाद.

यावरून 'गुण काय, खोटेच असतात' असं म्हणायचा मोह होतो. क्रमवारी लावणाऱ्या माणसानं असं म्हणणं सोयीचं आहे, म्हणून मी म्हणणार नाही. गुण खोटे नसतात. ते एका ठरावीक प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर असतात: हे गाणं घराबाहेर किती चालतं? प्रश्न तेवढाच आहे हे विसरलं की घोळ होतो, आणि तो मी स्वतः केला आहे. आमच्या ॲपमध्ये एखादं गाणं सुरू केल्यावर किती जण ते मध्येच सोडतात, यावरून मी त्याचा दर्जा काढत होते, देशभरातल्या ऐकणाऱ्यांचा मिळून. आकडे सुधारले, रिव्ह्यूमध्ये कौतुक झालं. काही महिन्यांनी सावंतवाडीच्या माझ्या मावशीनं विचारलं की गणपतीत ऐकायची ती मालवणी गाणी आता पुढे का येत नाहीत, शोधावी का लागतात? मी तपासलं. इंदूर-लखनौमध्ये ती गाणी सात सेकंदांत सोडली जात होती, त्यामुळे ती सिंधुदुर्गातही तळाला गेली होती. कोडमध्ये चूक नव्हती. मी ते बदलायला सुचवलं. एकूण आकडा किंचित पडतो म्हणून ते काम पुढच्या तिमाहीत ढकललं गेलं, मग त्याच्या पुढच्या. अजून यादीत आहे.

लिस्बनच्या सहकाऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा तो हसला. त्याच्या आईकडे 'ई देपोइश दु आदेऊश'ची तबकडी आहे. तिला ते गाणं २५ एप्रिलसाठी आवडतं की त्याच्या आधीपासून, हे तिलाही आता सांगता येत नाही म्हणे.

मला मात्र त्या तिघांबद्दल कुतूहल आहे. सगळ्यात सोपं मत ॲबाला होतं. चिंक्वेत्ती होती, 'हो' म्हणणारी. तरी १६० पैकी तीन माणसांनी, क्रांती अजून अठरा दिवस लांब असताना, बहुधा एक शब्दही न समजता, आपलं एकुलतं एक मत या गाण्याला दिलं. त्यांना त्यात काय ऐकू आलं असेल?